गणवेशानंतरचा वीजतंत्री : लष्करी कौशल्याला नागरी परवान्याची जोड

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती. युद्ध संपताच त्यांतील बहुसंख्य जवान घरी परतणार हे उघड होते आणि परतणाऱ्यांत केवळ बंदूकधारी शिपाई नव्हते. मोटारी दुरुस्त करणारे, बिनतारी यंत्रे चालविणारे, जनित्रे सांभाळणारे, छावण्यांमध्ये विजेच्या तारा ओढणारे असे हजारो कारागीर त्यांत होते. त्यांना नागरी जीवनात काम मिळावे म्हणून जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले. सेवायोजन कार्यालयांचे जाळे आणि कारागिरांची प्रशिक्षण केंद्रे ही या महासंचालनालयाची देणगी होय. प्रारंभी सैन्यातून मुक्त झालेल्यांपुरती असलेली ही सोय पुढे सर्वांना खुली झाली आणि १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आज तालुक्या-तालुक्यात दिसणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजेच आयटीआयचे, मूळ असे परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनात आहे. ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, ज्या सैनिकासाठी ही व्यवस्था उभी राहिली, त्यालाच तिच्या दारात आज पुष्कळदा अडखळावे लागते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी यांसारख्या, घरटी सैनिक देणाऱ्या गावांत पस्तिशी-चाळिशीत निवृत्त झालेले जवान दरवर्षी येतात. त्यांच्यापैकी काहींनी पंधरा-सतरा वर्षे विजेचेच काम केलेले असते. गावात पंपघराचा स्टार्टर जळतो, शाळेतील दिवे लागत नाहीत, आणि लोक साहजिकच म्हणतात, "मिलिटरीतला माणूस आहे, त्यालाच बोलवा." तो येतो, कामही करून देतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते काम करण्याचा अधिकार त्याला असतोच असे नाही. आणि क्वचित प्रसंगी त्या कामासाठी लागणारे नेमके ज्ञानही त्याच्यापाशी नसते. या दोन्ही उणिवा भरून काढता येतात. मात्र त्यांचे स्वरूप वेगवेगळे असल्याने त्यांचा स्वतंत्रपणे विचार केला पाहिजे.

सैन्यातील वीज आणि गावातील वीज

सैन्यात "इलेक्ट्रिशियन" हा शब्द एकाच प्रकारच्या कारागिराला लावला जात नाही. पुण्यातील खडकी येथे केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्सचा वीजतंत्री छावणीतील तारजोडणी, जनित्रे आणि पाण्याचे पंप हाताळतो. नागरी कामाशी त्याचे काम सर्वांत जवळचे. ईएमई या नावाने परिचित असलेल्या दलातील वाहनांचा वीजतंत्री ट्रक आणि रणगाड्यांच्या विद्युत व्यवस्थेत पारंगत असतो. नौदलाचा वीजतंत्री जामनगर येथील आयएनएस वलसुरा या संस्थेत घडतो. वायुदलाचा कारागीर विमानातील २८ व्होल्ट एकदिश आणि ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ प्रत्यावर्ती प्रवाहावर काम करतो. कौशल्याची प्रत या सर्वांची उत्तम असते. परंतु घराच्या खांबावरून येणारी वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची असते, शेतपंपाची त्रिफेज वीज सुमारे ४०० व्होल्टची असते, आणि तिचे स्वभावधर्म निराळे आहेत.

लष्करी वाहनाचेच उदाहरण घेऊ. त्यात बहुधा २४ व्होल्टची बॅटरी-व्यवस्था असते. दिव्याकडे एकच तार जाते आणि परतीचा मार्ग म्हणून वाहनाचा लोखंडी सांगाडाच वापरला जातो. २४ व्होल्टने कोरड्या हाताला धक्का बसत नाही. तेथील खरी भीती शॉर्टसर्किटने लागणाऱ्या आगीची आणि बॅटरीतून निघणाऱ्या ज्वालाग्राही वायूची. अशा कामात वर्षानुवर्षे मुरलेल्या हाताला जिवंत तारेला स्पर्श करण्याचे भय उरत नाही. गावात आल्यावर हीच निर्भयता घातक ठरू शकते. त्याहून सूक्ष्म धोका परतीच्या मार्गाचा आहे. वाहनात सांगाडा ही परतीची तार, म्हणून घरातही जमीन ही परतीची तार मानण्याचा मोह होतो. काही शेतांवर फेज घेऊन दुसरे टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडण्याची रीत आधीच चालत आलेली असते. अशी जोडणी केली की सळईभोवतीच्या ओल्या मातीत वीज खेळू लागते आणि तेथे पाय ठेवणारे जनावर किंवा मूल प्राणास मुकू शकते. न्यूट्रल आणि अर्थ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरावयाचे नसतात, हा नागरी वीजकामातील पहिला धडा होय.

दुसरा धडा बटणाचा. घरातील दिव्याचे बटण फेजच्या तारेतच असावे लागते. ते चुकून न्यूट्रलमध्ये बसविले तरी दिवा लागतो व विझतो; काम बरोबर झाले असा समज होतो. परंतु दिवा विझलेला असतानाही होल्डर जिवंत राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला धक्का बसतो.

नौदलातून आलेल्यास आणखी एका फरकाची जाणीव हवी. जहाजावरील वीजव्यवस्थेत बहुधा न्यूट्रल जहाजाच्या सांगाड्याशी जोडलेला नसतो. त्यामुळे एखादी फेज सांगाड्याला टेकली तरी पुरवठा चालू राहतो. दोष दाखविणारा दिवा पाहून तो शोधावयाचा असतो. युद्धनौकेवर हे योग्यच आहे, कारण लढाई चालू असताना एका दोषापायी यंत्रणा बंद पडून चालत नाही. जमिनीवरील वितरणात मात्र न्यूट्रल रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेला असतो आणि दोष उद्भवताच पुरवठा तत्काळ तुटावा हीच अपेक्षा असते.

तो खरोखरच तुटतो का, हे एका साध्या गणिताने पाहता येईल. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांकडूनही ते करून घेण्याजोगे आहे. समजा, पंपघराच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे आणि मोटारीच्या लोखंडी कवचाला २३० व्होल्टची फेज टेकली. जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले १०, म्हणजे जास्तीत जास्त २३ अँपिअर होईल. पंपघरात ३२ अँपिअरचा फ्यूज असेल तर तो वितळणार नाही. मोटार चालत राहील आणि तिचे कवच जिवंत राहील! अर्थिंग "आहे" एवढे पुरेसे नसते. ते किती चांगले आहे हे मोजावे लागते. म्हणूनच अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून नीट भरणे, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतणे आणि वर्षातून निदान एकदा रोध मोजून नोंदविणे आवश्यक आहे. शिवाय ३० मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे उपकरण घरात व शाळेत बसविणे इष्ट आहे. नवीन तारजोडणीची परीक्षा ५०० व्होल्टच्या मेगरने करून तार व जमीन यांमधील रोध निदान १ मेगओहम भरतो की नाही हे पाहण्याची पद्धतही प्रस्थापित आहे. मेगर सैनिकास नवा नसतो. नवे असते ते त्यामागचे भारतीय मानक, म्हणजे तारजोडणीसाठी आयएस ७३२ व अर्थिंगसाठी आयएस ३०४३. ही दोन पुस्तके निवृत्त वीजतंत्र्याने आधी वाचावीत आणि मग पक्कड हातात घ्यावी.

जनित्र : ओळखीचे यंत्र, अनोळखी धोका

सैनिकाच्या हाताला सर्वांत सरावलेले यंत्र म्हणजे जनित्र. सीमेवरील चौकीत तेच एकमेव वीजकेंद्र असते. ते चालू केले की तारांत वीज येते, बंद केले की जाते. गावात तसे नसते. तेथील तारा महावितरणच्या जाळ्याला जोडलेल्या असतात. लग्नसमारंभात वा टंचाईच्या दिवसांत वीज गेली आणि जनित्राची जोडणी थेट घराच्या किंवा पंपघराच्या मंडळात केली, तर वीज केवळ घरात येत नाही, ती उलट्या दिशेने रोहित्राकडेही जाते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते; ११,००० व्होल्टचे ४०० करते, तसेच ४०० चे ११,००० ही करते. पलीकडच्या शिवारात खांबावर चढलेला तारमार्ग कर्मचारी वाहिनी मृत आहे असे समजून काम करीत असतो, आणि गावातील जनित्राने ती त्याच्या हाताखाली जिवंत होते.

हा अनर्थ टाळणारे साधन साधे आहे. मध्ये "बंद" अशी जागा असलेला चेंजओव्हर स्विच बसविला की महावितरणची वीज आणि जनित्राची वीज कधीही एकत्र येऊ शकत नाही. ग्रामपंचायत कार्यालय, आरोग्य उपकेंद्र, शाळा यांपैकी जेथे जनित्र अथवा इन्व्हर्टरयुक्त सौरसंच आहे, तेथे हा स्विच किंवा त्यासारखी स्वयंचलित व्यवस्था आहे काय, हे सरपंचांनी व मुख्याध्यापकांनी एकदा प्रत्यक्ष पाहावे. ज्याने ही जोडणी केली त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नसते. बहुधा त्याने ती मदत म्हणूनच केलेली असते.

अधिकार कोणाला?

विजेच्या मांडणीचे काम कोणी करावे, याविषयी देशात जुना नियम आहे. भारतीय वीज नियम, १९५६ यांतील नियम ४५ अन्वये ग्राहकाच्या जागेतील मांडणी, तीत भर किंवा बदल यांसारखी कामे राज्य शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि राज्य शासनाने दिलेला वा मान्य केलेला परवाना असलेल्या तारतंत्र्याकडून करावयाची असत. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारख्या किरकोळ गोष्टी तेवढ्या वगळलेल्या होत्या. विद्युत अधिनियम, २००३ आल्यानंतर हे नियम जाऊन त्यांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम प्रथम २०१० साली व नंतर २०२३ साली आले. तथापि ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री ही त्रिस्तरीय रचना कायम राहिली.

मग सैन्यात असताना या परवान्याची गरज कशी भासली नाही? केंद्र शासनाच्या कामांना या अटीतून सूट देण्याची तरतूद नियमातच होती. शिवाय सैन्याची स्वतःची व्यवसाय-चाचणी व श्रेणी असते. जवान वर्षानुवर्षे परवान्याविना कायदेशीरपणे काम करतो आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तेच काम त्याच्यासाठी नियमबाह्य ठरते. त्याला हा अन्याय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घरमालकाला आपल्या भिंतीतील तार कोणी ओढली हे पाहता येत नाही. त्याच्या वतीने ते पाहण्याचे काम परवाना करतो.

महाराष्ट्रात तारतंत्र्याचा परवाना, पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र आणि ठेकेदाराची अनुज्ञप्ती या तीन पायऱ्या राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेशी निगडित आहेत. निवृत्त जवानाने बहुतेक वेळा पहिल्या पायरीपासून आरंभ करणे शहाणपणाचे असते. सुभेदारपदापर्यंत पोहोचलेल्या, पन्नास माणसांवर हुकमत गाजविलेल्या माणसास तारतंत्र्याचा परवाना मागणे कमीपणाचे वाटते, असेही दिसते. पण हाताखालच्या माणसांची संख्या हे पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राचे मोजमाप नव्हे. तेथे विद्युतशास्त्राची अर्हता व नागरी मांडणीचा अनुभव पाहिला जातो. अटी व शुल्क वेळोवेळी बदलतात, त्यामुळे त्या ऐकीव माहितीवर न ठरविता विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात जाऊन अर्जापूर्वी तपासून घ्याव्यात.

कागदपत्रे आणि मार्ग

परवान्याचा वा नोकरीचा अर्ज अडतो तो बहुधा कौशल्यापायी नव्हे, कागदापायी. सेवामुक्ती पुस्तिकेत जवानाचा व्यवसाय, श्रेणी व शिक्षण यांची नोंद असते. ती नोंद लष्करी संज्ञांत असते आणि नागरी लिपिकाला त्यांचा बोध होत नाही. "वाहन वीजतंत्री, श्रेणी १" याचा आयटीआयच्या कोणत्या व्यवसायाशी मेळ घालावयाचा, हे त्याने ठरवावे अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. लष्करी व्यवसायांची नागरी व्यवसायांशी समकक्षता ठरविण्याचे काम संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय आणि केंद्रीय प्रशिक्षण यंत्रणा यांच्या सहकार्याने झालेले आहे. आपला व्यवसाय त्या यादीत कोठे बसतो हे पलटण सोडण्यापूर्वीच विचारून, त्याचा लेखी दाखला आणि कोणत्या प्रकारच्या मांडणीवर किती वर्षे काम केले याचे सविस्तर अनुभवपत्र घेणे फार महत्त्वाचे आहे. निवृत्तीनंतर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करीत बसण्यापेक्षा शेवटच्या वर्षात कंपनी कार्यालयात दोन फेऱ्या घालणे सोपे.

समकक्षता न मिळाल्यास पुढील मार्ग उरतो तो व्यवसाय प्रमाणपत्राचा. वीजतंत्री आणि तारतंत्री हे आयटीआयमधील दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. घरसंसार असलेल्या माणसाला कोवळ्या मुलांबरोबर दोन वर्षे बाकावर बसणे कठीण जाते, हे मान्य करावयास हवे. त्यासाठी अनुभवी कारागिरांनी खासगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेस बसण्याची सोय, तसेच अलीकडच्या काळात पूर्वज्ञानास मान्यता देणाऱ्या अल्पमुदतीच्या योजना आहेत. या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये. काही दिवसांच्या मूल्यमापनानंतर मिळणारे कौशल्य प्रमाणपत्र उपयुक्त असते. परंतु जेथे जाहिरातीत दोन वर्षांचे आयटीआय प्रमाणपत्र मागितलेले असते, तेथे ते त्याची जागा घेईलच असे नाही. जाहिरातीतील शब्द पाहूनच कोणते प्रमाणपत्र मिळवावयाचे ते ठरवावे. सेवेच्या अखेरच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयामार्फत जवानांना विनाशुल्क अभ्यासक्रम मिळतात. ते निवडताना अनेकजण घराजवळचे ठिकाण पाहतात, अभ्यासक्रमाची मान्यता पाहत नाहीत.

आरक्षण आणि अर्हता

माजी सैनिकांसाठी महाराष्ट्र शासनाच्या गट क व गट ड पदांत १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्र शासनात हे प्रमाण गट क मध्ये १० टक्के आहे. मॅट्रिक उत्तीर्ण होऊन १५ वर्षे सेवा केलेल्या जवानास काही पदांकरिता पदवीधराप्रमाणे पात्र मानण्याची केंद्राची सवलतही आहे. या तरतुदींमुळे गावोगावी असा समज पसरला आहे की, माजी सैनिकाला प्रमाणपत्राची गरजच नाही. तो खरा नाही. आरक्षण जागा राखून ठेवते, अर्हता माफ करीत नाही. पदवीची सवलतही मुख्यतः तांत्रिक अनुभव आवश्यक नसलेल्या पदांपुरती आहे. वीजतंत्र्याच्या पदासाठी वीजतंत्र्याचे प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास राखीव जागा असूनही योग्य उमेदवार मिळत नाही, आणि दुसरीकडे हाताशी कौशल्य असलेला माणूस शहरातील एखाद्या इमारतीच्या फाटकावर बारा तास पहारा देत बसतो. पहाऱ्याचे काम हलके नव्हे. परंतु पंधरा वर्षे शिकलेली विद्या त्यात वाया जाते.

ग्रामपंचायतीच्या हाती काय आहे?

२०१६ साली राज्य शासनाने ३,००० पर्यंत लोकसंख्येच्या ग्रामपंचायतींसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापकाची योजना आखली. तीत आयटीआय प्रशिक्षित स्थानिक उमेदवाराची कल्पना होती. तिची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही. तथापि ज्या गरजेतून ती पुढे आली ती गरज तशीच आहे: पथदिवे, पाणीपुरवठ्याचे पंप, शाळा व अंगणवाडीची मांडणी यांकडे नियमित पाहणारा जबाबदार माणूस गावात असावा. अशा कामासाठी ठराव करताना संबंधिताचा परवाना क्रमांक व त्याची मुदत ठरावातच नोंदविण्याची पद्धत ग्रामपंचायतींनी पाडावी. परवाना नसलेल्या माजी सैनिकाला काम नाकारून परत पाठविण्याऐवजी परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली त्याला अधिकृतपणे काम मिळवून दिले, तर त्याचा नागरी अनुभवही साठत जातो. रोहित्रावरील डीओ फ्यूज बसविण्यासाठी मात्र त्याला वा अन्य कोणालाही सांगू नये. ते केवळ महावितरणच्या कर्मचाऱ्याचे काम आहे.

येथे सैनिकाच्या एका गुणाचा उल्लेख करावयास हवा. काम संपल्यावर हत्यारे मोजून ठेवणे, कोणता दोष केव्हा दुरुस्त केला हे वहीत लिहिणे, दुसरा माणूस काम करीत असता स्विचवर पाटी लावणे, या सवयी सैन्यात अंगी बाणविल्या जातात. नागरी कारागिरांत त्या क्वचितच दिसतात. गावातील पंपघरात तारीखवार नोंदवही टांगलेली आढळली, तर ती टांगणारा बहुधा पलटणीतून आलेला असतो.

२०२२ पासून लागू झालेल्या अग्निपथ योजनेने या प्रश्नाला निराळे वळण दिले आहे. या योजनेतील तरुणाची सेवा चार वर्षांची असून त्यांतील कमाल २५ टक्के पुढे कायम होतात. भूदलातील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. बाहेर पडणारा तरुण विशीत असतो. निवृत्तिवेतन व माजी सैनिकाचा दर्जा या योजनेत नाही, पण सेवानिधी व कौशल्याचे प्रमाणपत्र मिळते. पस्तिशीतल्या हवालदाराला जड जाणारी आयटीआयची दोन वर्षे या वयात सहज पेलता येतात आणि सेवानिधीतून त्या काळातील खर्चही भागू शकतो. भरतीच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी धावण्याच्या सरावाबरोबरच आणखी एक गोष्ट सांगावी: शक्य असल्यास आयटीआयचा अभ्यासक्रम आधी पूर्ण करूनच भरतीस जावे. तांत्रिक विभागात निवड होण्यास त्याचा उपयोग होतो आणि परत आल्यावर परवान्यासाठी लागणारा मूळ कागद घरच्या पेटीत तयार असतो.